आईबाबांना टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कला न्यावं का? (न्यूयॉर्क, ईस्ट व्हिलेज)

हडसनकाठी

नमस्कार मंडळी. आईबाबा जूनपासून आमच्याकडे जर्सी सिटीला आहेत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जातील. स्टॅच्यू झाला, टाइम्स स्क्वेअर झाला, सेंट्रल पार्क दोनदा झालं. परवा जेवताना बाबा म्हणाले, उंच इमारती पुष्कळ बघितल्या, आता इथे बाहेरून आलेली साधी माणसं पूर्वी कशी राहायची ते कुठे दिसेल का बघ. बाबा पोस्टात होते, चौतीस वर्षं, त्यामुळे पत्ते, गल्ल्या, कोण कुठून उठून कुठे राहायला गेलं यात त्यांना भारी रस. ऑर्चर्ड स्ट्रीटवरचं टेनेमेंट म्युझियम, म्हणजे जुन्या चाळीत केलेलं म्युझियम, डोक्यात होतं पण तिथल्या टूरमध्ये जिने चढावे लागतात आणि आईचे गुडघे आता तेवढं ऐकत नाहीत.

ऑफिसातल्या एकीने सुचवलं की टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कला जा, जुनं आहे, आजूबाजूची वस्ती कायम बाहेरून आलेल्यांचीच होती. नेटवर बघितलं तर साडेदहा एकर, मोठी झाडं, कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली जागा, एवढंच कळलं. कोणी गेलंय का? बघण्यासारखं खरंच काही आहे की नुसती बाकं? सेफ आहे का? आणि आई शाकाहारी आहे, तर जवळपास बसून खाण्यासारखं काय मिळेल? शनिवारी जायचा विचार आहे.

दोन_ब्लॉक

मी तिथून दोन ब्लॉकवर नऊ वर्षं राहिलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. नुसतं "बघायला" जाल तर वीस मिनिटांत संपेल आणि बाबा म्हणतील यासाठी एवढं आलो का. बसायला जा. दोन-तीन तास हातात ठेवा आणि जायच्या आधी त्यांना थोडं सांगून ठेवा, कारण तिथल्या खुणा लहान आहेत, ठाऊक नसेल तर माणूस शेजारून निघून जातो. मी स्वतः पहिलं अख्खं वर्ष त्या कारंज्याजवळून रोज जात होते आणि एकदाही थांबले नव्हते.

कारंजं म्हणजे उत्तरेच्या भागात, मुलांच्या पूलजवळ, गुलाबी संगमरवराचा एक उभा दगड आहे, माणसाहून थोडा उंच, त्यावर दोन लहान मुलं कोरलेली, समुद्राकडे बघत असलेली, खाली सिंहाच्या तोंडातून पाणी. ते १९०६ मध्ये बसवलं. जर्मनीतल्या १८४८ च्या उठावांनंतर जर्मन लोक प्रचंड संख्येने इथे आले, ही सगळी वस्ती त्यांची, तिला क्लाइनडॉइचलांड म्हणजे छोटी जर्मनी म्हणायचे आणि या पार्कला ते पांढरी बाग म्हणायचे. तर १५ जून १९०४, बुधवार, सहाव्या स्ट्रीटवरच्या सेंट मार्क्स या जर्मन ल्युथरन चर्चची वर्षाची सहल निघाली. कामाचा दिवस, म्हणून बाप्ये बहुतेक कामावर आणि बोटीवर बायका-मुलंच जास्त, सगळी मिळून साधारण तेराशे माणसं. जनरल स्लोकम नावाची वाफेवर चालणारी बोट ईस्ट रिव्हरमधून वर निघाली आणि थोड्याच वेळात आग लागली. लाइफ जॅकेटमधलं बुचाचं लाकूड सडून भुगा झालेलं, पाण्याचे पाइप दाब आल्याबरोबर फाटले, जीव वाचवायच्या होड्या जागच्या हलेनात, बहुतेकांना पोहता येत नव्हतं आणि अंगावर त्या काळचे जड कपडे. १०२१ माणसं गेली. कॅप्टनला नंतर शिक्षा झाली, पण सडकी जॅकेटं वर्षानुवर्षं तशीच लटकत ठेवणाऱ्या मालकांचं फारसं काही वाकडं झालं नाही, हे वाचलं की माझ्या पोटात अजून कालवतं.

जर्मन कुटुंबं त्याच्या आधीच हळूहळू वर मॅनहॅटनमधल्याच यॉर्कव्हिल वस्तीकडे सरकायला लागली होती, पण या घटनेनंतर इथे राहणंच नको झालं बऱ्याच जणांना आणि काही वर्षांत छोटी जर्मनी रिकामी झाली. कारंज्यावर लिहिलंय त्याचा अर्थ असा की ती पृथ्वीवरची सगळ्यात निर्मळ मुलं होती, कोवळी आणि सुंदर. बाबांना कोण उठून कुठे गेलं यात रस आहे ना, मग त्यांना तिथे नक्की उभं करा.

आता गुडघ्यांचं. पाथच्या, म्हणजे जर्सीहून येणाऱ्या ट्रेनच्या, चौदाव्या स्ट्रीटच्या स्टेशनला लिफ्ट नाही, जिने आहेत, हळूहळू चढता येत असतील तर तिथून वर येऊन एम १४ ए बस घ्या, ती चौदाव्यावरून जाऊन अॅव्हेन्यू ए वर वळते आणि पार्कच्या अगदी कडेने जाते. ए च पकडा हं, एम १४ डी पुढे अॅव्हेन्यू डी कडे जाते. जिने अजिबात नको असतील तर पाथने तेहतिसाव्यापर्यंत जा, तिथे लिफ्ट आहे, आणि वर आल्यावर सरळ टॅक्सी करा. पार्कात सगळं सपाट आहे, बाकं पुष्कळ आणि बहुतेक सावलीत. टॉयलेटसाठी पार्कवर अवलंबून राहू नका, जेवायला जाल तिथेच उरकून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर सेकंड अॅव्हेन्यू आणि नवव्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वेसेल्का आहे, १९५४ पासून, युक्रेनियन. दुसऱ्या महायुद्धानंतर युक्रेनियन माणसं इथे खूप आली, सातव्या स्ट्रीटवर त्यांचं मोठं घुमटाचं चर्चही आहे. बटाट्याचं सारण भरलेले पिएरोगी आईंना चालतील, आपल्या उकडलेल्या करंजीच्या जवळ जाणारे. बोर्श मात्र विचारल्याशिवाय मागवू नका, बिटाचं सार दिसतं पण त्यात मांसाचा रस्सा असतो बऱ्याचदा. शनिवारी दुपारी रांग असते, साडेअकराच्या आत गेलात तर बरं.

तुळशीकट्टा

दोन_ब्लॉक यांनी छान लिहिलंय, पण हरे कृष्ण झाड राहिलं!! आईंना ते नक्की दाखवा. पार्कच्या मध्यावर एक जुनं अमेरिकन एल्म आहे, खाली पाटी आहे. ९ ऑक्टोबर १९६६ ला प्रभुपादांनी त्या झाडाखाली बसून कीर्तन केलं, भारताबाहेर उघड्यावर झालेलं हे पहिलं हरे कृष्ण कीर्तन असं मानतात. अॅलन गिन्सबर्ग हा कवी पण होता त्यात. प्रभुपाद आदल्या वर्षी मालवाहू बोटीने आले, वय एकोणसत्तर, बोटीवर हृदयाचा त्रास झाला, खिशात फारसे पैसे नाहीत, ओळखी नाहीत. २६ सेकंड अॅव्हेन्यू इथे एक छोटं दुकान भाड्याने घेतलं होतं, तिथेच इस्कॉन सुरू झालं, १९६६ मध्येच. मी काही इस्कॉनवाली नाही, आमच्या घरी वारकरी परंपरा, पण परक्या गावात एक म्हातारा माणूस झाडाखाली बसून मृदंगासारखं काहीतरी वाजवत नाव घेतो आणि रस्त्यावरची पोरं येऊन भोवती नाचायला लागतात, हे त्या झाडाखाली उभं राहिल्यावर डोळ्यापुढे येतं. माझ्या सासूबाईंनी तिथे चपला काढल्या. मी काही सांगितलं नव्हतं.

झाड म्हणून पण बघा. डच एल्म नावाच्या बुरशीच्या रोगाने अमेरिकेतली एल्मची झाडं लाखोंनी गेली, इथली बरीच टिकलीयत. ऑक्टोबरच्या शेवटी पानं पिवळी होतात, वर बघितलं की सगळं छतच पिवळं.

रोकठोक_नेवार्क

माझं मत वेगळं आहे आणि रागावू नका. आम्ही दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलो होतो. बाकावर झोपलेली माणसं, एकजण स्वतःशी ओरडत होता, एका कोपऱ्यात उग्र वास, आई इतकी घाबरली की पंधरा मिनिटांत परत निघालो आणि नंतर दोन दिवस तिचं तेच चाललं होतं की इतक्या श्रीमंत देशात माणसं अशी का. वयस्कर माणसांना घेऊन वॉशिंग्टन स्क्वेअरला जा, कमान आहे, संगीत चालू असतं, मन प्रसन्न होतं. इतिहास पुस्तकात वाचता येतो.

दोन_ब्लॉक

@रोकठोक_नेवार्क रागवायचं काय त्यात, जे तुम्हाला दिसलं ते खरंच आहे, आणि आईंचा प्रश्न तर अगदीच खरा. पण मला वाटतं तोच प्रश्न या पार्कचा इतिहास आहे, म्हणून थोडं लिहिते, हडसनकाठी यांनी ठरवावं.

१८७३ मध्ये मोठी मंदी आली, बँका बुडाल्या, इथली माणसं कामावाचून बसली. १३ जानेवारी १८७४ ला हजारो कामगार या पार्कात जमले, मागणी एकच, शहराने कामं काढावीत. परवानगी आदल्या रात्री रद्द केली होती आणि ती बातमी बहुतेकांपर्यंत पोचलीच नव्हती. घोड्यावरचे पोलीस दंडुके घेऊन गर्दीत घुसले, बायका-मुलं असताना. सॅम्युअल गॉम्पर्स, जो पुढे अमेरिकन कामगार चळवळीचा मोठा पुढारी झाला, तो तेव्हा विशीतला सिगार वळणारा होता, त्या गर्दीत होता आणि जेमतेम वाचला. मग १९८८, ऑगस्टची सहा तारीख. तोवर पार्कात बेघर लोकांचे तंबू झाले होते, रात्री एकनंतर पार्क बंद असा नियम लावायला पोलीस आले आणि रात्रभर मारामारी, नुसते बघायला उभे असलेले लोकसुद्धा मार खाऊन गेले, पोलिसांविरुद्ध तक्रारींचा ढीग पडला. १९९१ मध्ये तंबू हटवून पार्क बंद केलं ते १९९२ ला उघडलं. आता मध्यरात्री बंद होतं. मधल्या काळात भाडी इतकी चढली की आमच्यासारख्यांनाही शेवटी उठून क्वीन्सला यावं लागलं.

म्हणजे ज्यांना खोलीत जागा नाही ते दीडशे वर्षं इथेच येऊन बसतायत. एका खोलीत सात-आठ माणसं राहायची, हवा नाही, उजेड नाही, उन्हाळ्यात बाहेर पडून श्वास घ्यायला हीच जागा. आत्ता जो माणूस बाकावर झोपलाय तो पार्कच्या गोष्टीच्या बाहेरचा आहे असं मला कधी वाटलं नाही. पण कोणी घाबरत असेल तर घाबरतं, त्याला इलाज नाही. व्यवहाराचं सांगायचं तर शनिवारी सकाळी दहा ते दोन जा, तेव्हा लहान मुलं, कुत्री, बुद्धिबळवाले, सगळ्यांनी पार्क भरलेलं असतं. अंधार पडल्यावर मी आईवडिलांना नेणार नाही.

पानवाला_पंचावन्न

हडसनकाठी, तुमचे बाबा पोस्टात होते असं लिहिलंत आणि तरी अजून कुणी पुतळ्याबद्दल बोललं नाही!

नैर्ऋत्य कोपऱ्यात, म्हणजे सातवा स्ट्रीट आणि अॅव्हेन्यू ए, एक हात वर केलेला पुतळा आहे. सॅम्युअल कॉक्स, अमेरिकन काँग्रेसचा सदस्य. लोक समजतात कुणीतरी सेनापती असेल. तो पुतळा पोस्टमन लोकांनी वर्गणी काढून उभारलाय, १८९१ मध्ये. कारण पत्र वाटणाऱ्यांना दिवसाला आठच तास काम आणि पगारी रजा मिळावी म्हणून हा माणूस काँग्रेसमध्ये भांडला, १८८८ ला आठ तासांचा कायदा झाला. आधी पुतळा दुसरीकडे, अॅस्टर प्लेसच्या बाजूला होता, १९२४ मध्ये या पार्कात आणला. मी स्वतः इथल्या पोस्टात सॉर्टिंगला काम करतो, चौदा वर्षं झाली, आणि आम्हाला हे कुणी ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं, एका निवृत्त सहकाऱ्याने सांगितलं. गेलो की मी हात लावून येतो.

पुतळ्याच्या जवळच दगडी टेबलं आहेत बुद्धिबळाची. बाबा खेळत असतील तर बसू द्या, भाषा लागत नाही. आणि चार खांबांवर छत असलेलं एक छोटं पाणपोयीसारखं दिसेल, १८८८ चं, त्यावर श्रद्धा, आशा, दया, संयम असे शब्द कोरलेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका डेंटिस्टने, कॉग्सवेल त्याचं नाव, गावोगावी अशा पाणपोया बांधून दिल्या, लोकांनी दारूऐवजी पाणी प्यावं म्हणून, आणि ही नेमकी जर्मन बिअरच्या वस्तीत.

पाय चालले तर सहाव्या स्ट्रीटवर ३२३ नंबर. फर्स्ट आणि सेकंड अॅव्हेन्यूच्या मध्ये. वर दोन_ब्लॉक यांनी लिहिलं तेच सहलीचं चर्च, इमारत तीच आहे. १९४० पासून तिथे ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे. त्याच ब्लॉकवर आपल्याकडची जेवणाची हॉटेलं, पाट्यांवर इंडियन, पण बरीचशी चालवणारी माणसं सिल्हेटची, बांगलादेशातली. पूर्वी अख्खी रांग होती, आता थोडीच उरलीत. आईंना पिएरोगी नाही आवडले तर इथे डाळभात मिळेल.

हडसनकाठी

जाऊन आलो. इतकं लिहिलंत सगळ्यांनी की निदान कसं झालं ते सांगायलाच हवं.

बसचा सल्ला अगदी बरोबर निघाला, आईने पाथचे जिने थांबत थांबत चढले, बस दारातच म्हणावं अशी मिळाली. अॅव्हेन्यू ए ला उतरून आधी पुतळा. बाबांना मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, म्हटलं वाचू देत. त्यांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून सावकाश वाचलं, पोस्टमन लोकांनी उभारलाय हे कळल्यावर दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्याकडे मंत्र्यांचे पुतळे पोस्टासमोर असतात, पोस्टमननी केलेला पहिल्यांदा बघतोय. मग बाकावर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. सुरुवातीची चार वर्षं ते खेड्यांच्या बीटवर होते, सायकल, पावसात रस्ता बंद झाला की खांद्यावर सायकल, टेलिग्राम म्हणजे बहुतेक कुणीतरी गेल्याचा, आणि घरात वाचता येणारं कुणी नसलं की तो मोठ्याने वाचायचं काम पण यांचंच. मला ते कायम काउंटरमागचेच आठवतात. चाळीस वर्षांचा झालो मी, मला ठाऊक नव्हतं.

कारंज्यापाशी आई जास्त वेळ थांबली. मी तिला सगळं सांगितलं, सहल, बुधवार, जॅकेटं. तिने एकच विचारलं, आणि ते बाप संध्याकाळी घरी आले असतील तेव्हा? माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारी एक बाई बाबागाडी घेऊन बसल्या होत्या, बहुतेक स्पॅनिश बोलणाऱ्या, त्यांच्या बाळाशी आई मराठीत बोलायला लागली आणि त्या बाई त्यांच्या भाषेत, अर्धा तास चाललं, मी मध्ये पडलो नाही.

बाकावर झोपलेले होते दोन-तीन जण, हो. @रोकठोक_नेवार्क, तुमच्या आईंनी विचारलं तेच बाबांनी पण विचारलं. मी दोन_ब्लॉक यांची पोस्ट त्यांना वाचून दाखवली, ते ऐकून म्हणाले की मग निदान उठवून लावत नाहीत ना आता. दिवसा तरी कुणी लावताना दिसलं नाही.

झाडाखाली कुणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती. आईने चपला काढल्या, तुळशीकट्टा, तुमच्या सासूबाईंसारख्याच, थंडी असून. वेसेल्कात पाऊण तास रांग, आम्ही उशिरा गेलो ही चूक, पण पिएरोगी आवडले, बाबांनी त्यावर परतलेला कांदा जास्तीचा मागून घेतला. सहाव्या स्ट्रीटच्या इमारतीसमोर उभं राहून बाबांनी नंबर वहीत लिहून घेतला, ३२३, खाली जर्मन, ज्यू, सिल्हेट असं एकाखाली एक.

आता एक नवीन प्रश्न. त्या बोटीवरच्या ओळख न पटलेल्या माणसांना क्वीन्समध्ये एकत्र पुरलंय असं बाबांनी कुठेतरी वाचलं आणि जायच्या आधी त्यांना तिथे जायचंय. आईपण येते म्हणतेय. कुठे आहे ते नक्की आणि गाडीशिवाय जाता येईल का?

दोन_ब्लॉक

मिडल व्हिलेज. पूर्वी ल्युथरन सेमेटरी म्हणायचे, आता ऑल फेथ्स नाव आहे. एकसष्ट जणांची ओळख पटली नव्हती, त्यांचं स्मारक आहे, १९०५ चं. त्याचं अनावरण एका तान्ह्या मुलीच्या हातून केलं होतं, बोटीवरून वाचली तेव्हा ती सहा महिन्यांची होती. वाचलेल्यांपैकी सगळ्यात शेवटी तीच गेली, जानेवारी २००४ मध्ये, शंभर वर्षांची होऊन. हे बाबांना सांगा.

एम ट्रेनने शेवटचं स्टेशन, मेट्रोपॉलिटन अॅव्हेन्यू, सेमेटरी लगेच बाजूला आहे पण आत खूप मोठी आहे, गेटवरच्या ऑफिसात स्लोकम मेमोरियल विचारून नकाशा घ्या म्हणजे आईंची चाल वाचेल. शनिवार-रविवारी एम मॅनहॅटनमध्ये फक्त डिलॅन्सी-एसेक्सपर्यंत येते, तिथून पकडा. मी आता क्वीन्समध्येच असते. कधी जाताय ते मेसेज करा, मी गाडी घेऊन स्टेशनवर येते.